‘जाने भी दो यारो’ पुन्हा बघताय? आधी एवढं करा

बहुतेकांचं असंच होतं. दूरदर्शनवर कधीकाळी पाहिलेला सिनेमा एखाद्या रविवारी लॅपटॉपवर लागतो. चाळिसाव्या मिनिटाला हात फोनकडे जातो. मग पुढं सरकवत सरकवत गाडी महाभारताच्या प्रसंगापाशी येते, तिथं थोडंफार हसू येतं आणि शेवटी निकाल लागतो, ‘तेव्हा जास्त मजा आली होती बुवा.’

यात सिनेमाही म्हातारा झालेला नसतो आणि तुम्हीही. कुंदन शाह यांनी १९८३ साली केलेला हा सिनेमा रचलाच असा आहे की, शेवटच्या अर्ध्या तासातला गोंधळ आधीच्या दीड तासाच्या भांडवलावर चालतो. मुद्दल न भरता व्याज मागितलं की हाती येतं ते किरकोळच. म्हणून पुढच्या पायऱ्या. सिनेमा एकदा पाहिलेला आहे असं धरून लिहिलंय, त्यामुळे गोष्ट उघड होणारच.

काय काय लागेल

- सलग अडीच तास. दोन रात्रींत वाटून चालणार नाही, कारण सांगतो पुढं.
- पूर्ण लांबीची, स्वच्छ आवाजाची प्रत.
- टीव्ही किंवा प्रोजेक्टर. फोनचा पडदा अजिबात नको.
- एक कागद आणि पेन.
- सोबतीला निदान एक माणूस. चार असतील तर उत्तम.
- खाणं मऊ ठेवा. चिवडा, वेफर्स नकोत. यातले निम्मे विनोद पुटपुटल्यासारखे येतात आणि चिवड्याच्या कुरकुरीत हरवतात. केक असेल तर फारच छान, सिनेमातल्या कमिशनर डिमेलोंच्या नावानं थोडा खायचा, थोडा फेकायचा.

१. आधी क्लिपांचा उपास

ठरवलेल्या दिवसाआधी दोन आठवडे या सिनेमाची एकही क्लिप बघायची नाही. व्हॉट्सॲपवर आली तरी उघडायची नाही. महाभारताचा प्रसंग इतक्या वेळा तुकड्यांत फिरलाय की, त्यातल्या ओळी आता म्हणींसारख्या झाल्यात. ओळ आधीच पाठ असेल तर कान ती येण्याची वाट बघत बसतात आणि डोळे आजूबाजूचं काही टिपत नाहीत. या सिनेमात खरी गंमत नेमकी त्या आजूबाजूलाच आहे.

२. आठवण कागदावर उतरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पाचच मिनिटं लागतात. सिनेमा लावायच्या आधी कागदावर आठवेल तशी गोष्ट लिहा, आठ-दहा ओळींत. कोण कोणाच्या बाजूनं होतं, खून कोणी केला, प्रेत कुठं सापडलं, शेवटी काय झालं. सोबतच्यांनाही लिहायला लावा आणि एकमेकांचं वाचू नका.

ठरलेल्या चुका तीन. पहिली, महाभारत सिनेमाच्या मधोमध आहे असं वाटतं. ते अगदी शेवटाकडे येतं. दुसरी, ‘खबरदार’ची संपादक शोभा सेन आठवणीत प्रामाणिक बाई म्हणून राहते. तिसरी म्हणजे सिनेमाचा शेवट. तो अनेकांना मुळीच आठवत नाही, किंवा गाण्यामुळे गोड आठवतो. हे तिन्ही मुद्दे सिनेमा संपल्यावर कागदाशी ताडून बघा. वर्षानुवर्षं आपण प्रत्यक्षात किती वेगळाच सिनेमा डोक्यात बाळगून होतो ते तिथं कळतं.

३. प्रत नीट निवडा

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती असलेला हा सिनेमा डिजिटल दुरुस्ती करून २०१२ साली पुन्हा चित्रपटगृहांत आला होता. शक्यतो त्या दुरुस्त केलेल्या प्रिंटवरून आलेली प्रत शोधा. ओळखायला सोपी: अंधाऱ्या प्रसंगांत चेहरे दिसतात, उभ्या रेघा नाचत नाहीत.

लांबी तपासा. पूर्ण सिनेमा सव्वादोन तासांच्या आसपास आहे. टीव्हीसाठी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी चालवलेली प्रत असेल तर चारेक टक्के वेळ कमी दिसतो, म्हणजे पाच-सहा मिनिटं. त्यात कापाकापी नसते, फक्त आवाज किंचित चढा लागतो. पण प्रत दोन तासांच्या आत संपत असेल तर कात्री चाललीय. अशा प्रतींत बहुधा सुरुवातीचे ‘संथ’ प्रसंग गेलेले असतात आणि आपल्याला हवेत ते नेमके तेच.

४. टीव्ही आणि आवाज

चित्राचा आकार ‘मूळ’ किंवा ‘ऑटो’वर ठेवा. पडदा भरावा म्हणून ताणलंत तर डिमेलो झालेले सतीश शाह आणखी रुंद होतात, आणि मोठं करून कापलंत तर गर्दीच्या प्रसंगांत मागच्यांची डोकी उडतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. तिनं जुना सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

आवाजाची तक्रार सगळ्यांचीच असते. मूळ ध्वनी साधा, एकाच वाटेचा. टीव्हीनं त्याला चारी बाजूंना पसरवायचा प्रयत्न केला की संवाद गढूळ होतात. म्हणून सराउंड बंद, खर्ज कमी, आणि ‘संवाद’ किंवा ‘व्हॉइस’ असा पर्याय असेल तर तो चालू. गर्दीत चार माणसं एकदम बोलतात तिथं याचा फार उपयोग होतो.

आणखी एक सेटिंग: ‘पुढचा कार्यक्रम आपोआप सुरू करा’ ही सोय बंद. विसरू नका, याचं कारण नवव्या पायरीत आहे.

सबटायटलं? हिंदी कळणाऱ्यांनी बंद ठेवावीत. विनोदाची ओळ पडद्यावर आधी येते आणि नट ती नंतर बोलतो, म्हणजे फुगा फुगायच्या आतच फुटतो. परदेशात वाढलेली मुलं सोबत असतील तर ठेवावीच लागतील. तेव्हा त्यांना आधी सांगून ठेवा की द्रौपदी आणि ‘शेअरहोल्डर’ हे शब्द एकाच वाक्यात यावेत यातच विनोद आहे.

५. सोबत कोण, आणि त्यांना आधी काय सांगायचं

उत्तम जोडी म्हणजे एक पाहिलेला आणि एक न पाहिलेला. फक्त पाहिलेल्यानं ओळी आधी म्हणायच्या नाहीत. ‘आता बघ, आता बघ’ हेही नाही. या एका सवयीनं जेवढ्या संध्याकाळी वाया गेल्यात तेवढ्या खराब प्रतींनीही गेल्या नसतील.

विशीतला माणूस सोबत असेल तर सिनेमा लावायच्या आधी दहा मिनिटं या गोष्टी सांगा. मध्येच थांबवून सांगू नका.

*डार्करूम.* गोष्टीचा कणा एका फोटोवर आहे: विनोद (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर (रवी बासवानी) हे दोन फोटोग्राफर एक फोटो मोठा करतात आणि झुडपांत गोळी झाडणारा माणूस दिसतो. आज फोनवर दोन बोटं फाकवली की चित्र मोठं होतं. तेव्हा निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालायची, उजेड कागदावर पाडायचा, कागद तांबड्या दिव्याखाली रसायनाच्या ट्रेमध्ये बुडवायचा आणि चित्र उमटायची वाट बघायची. आणखी मोठं हवं तर सगळं पहिल्यापासून. जितकं मोठं, तितके फिल्मचे दाणे जास्त ठळक. खून ‘हळूहळू दिसतो’ तो यामुळे.

*बागेचं नाव.* तिला अँतोनिओनी पार्क म्हटलंय. इटालियन दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँतोनिओनी यांच्या १९६६च्या ‘ब्लो-अप’मध्ये एका फोटोग्राफरला असाच, फोटो मोठा करताना खून सापडतो. तिथून प्रसंग उचलला आणि पावती म्हणून बागेला नाव दिलं. यापेक्षा प्रामाणिक उचल क्वचितच सापडेल.

*सांकेतिक वाक्य.* गुप्त खूण म्हणून ‘अल्बर्ट पिंटोला राग का येतो’ हे वाक्य येतं. ते १९८०च्या सईद मिर्झांच्या सिनेमाचं नाव आहे आणि त्यात नसीरुद्दीन शाहच होते.

*तेव्हाची मुंबई.* सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, ते मिळवणं हाच एक धंदा होता. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२मध्ये पायउतार व्हावं लागलं. म्हणजे बिल्डर, पालिका आयुक्त आणि पूल ही त्रयी पडद्यावर आली तेव्हा मुंबईकराला समजावून सांगायची गरज नव्हती. आजही फारशी नाही म्हणा.

६. पहिला तास: इथंच लोक गळतात

कारण सरळ आहे. सुरुवातीला विनोद विखुरलेले आहेत. हाजी अलीला फोटो स्टुडिओ उघडून बसलेले दोन मित्र, न येणारं गिऱ्हाईक, मग ‘खबरदार’चं काम, तर्नेजा बिल्डर, आहुजा बिल्डर, आयुक्त डिमेलो. माणसं भराभर येतात आणि कोण कोणाला फसवतंय हे डोक्यात बसायला वेळ लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चालून जातं. पुन्हा बघणाऱ्याला धीर नसतो, कारण त्याला ‘मोठा’ विनोद हवा असतो.

उपाय असा: या तासात हसायचं मनातून काढून टाका आणि हिशेब ठेवा. कोणाला काय हवंय, एवढंच बघा. तर्नेजाला कंत्राट, आहुजाला तर्नेजाचं वाटोळं, डिमेलोला दोघांकडूनही, शोभाला… तिच्याकडे नीट बघत राहा. मराठी प्रेक्षकाला भक्ती बर्वे म्हटलं की ‘ती फुलराणी’तली मंजुळा आठवते. इथं त्याच आवाजातला उमाळा पूर्ण काढून घेतलाय. बाई बोलते मऊ आणि भाव ठरवत असते. दुसऱ्यांदा बघताना तिचा पहिलाच प्रसंग वेगळा दिसतो.

या भागात तीन ठिकाणी मात्र थांबून मजा घ्या. डिमेलोचं गटारपुराण: अमेरिकेहून परतलेला आयुक्त देशाची प्रगती गटारांवरून मोजतो. सतीश शाह ते इतक्या भक्तिभावानं बोलतात की, क्षणभर आपल्यालाही पटतं. दुसरं, सतीश कौशिक आणि नसीर यांचा टेलिफोनचा प्रसंग, एकाच खोलीत दोन फोन आणि दोघं एकमेकांशीच बोलतात. इथं तोंडाकडे बघू नका, वायरींकडे बघा. संवाद रणजित कपूर आणि स्वतः सतीश कौशिक यांचे आहेत, त्यामुळे कौशिक कुठं थबकतात तेही ऐकण्यासारखं. तिसरं, पंकज कपूर. तर्नेजा साकारताना ते जेमतेम तिशीचे होते. मान आणि पापण्या एवढ्यावर त्यांनी वय वाढवलंय.

मध्येच ‘उरलेलं उद्या बघू’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. हा हिशेब रात्रभर झोपेत टिकत नाही. उद्या प्रेत बाहेर येईल तेव्हा ते कोणाला का हवंय हेच आठवणार नाही आणि उरेल ती नुसती धावपळ.

७. प्रेत आल्यावर नियम बदलतात

डिमेलोच्या नावानं पूल, आणि त्याच पुलाच्या जागी पुरलेला डिमेलो. शवपेटी बाहेर निघाली की सिनेमा वास्तव सोडतो. इथून ‘असं कसं होईल?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन मिनिटं खोलीबाहेर पाठवावं. दारूच्या नशेत आहुजा शवपेटीला मोटार समजतो आणि आतल्या गृहस्थाशी गप्पा मारतो. ओम पुरींचा हा प्रसंग लांबलाय असं काहींना वाटतं. तो लांबायलाच हवा. बेवड्याचं बोलणं आटोपशीर असतं का कधी?

मग प्रेत स्केट्सवर चालतं, बुरख्यात जातं, साडी नेसतं. अर्धा सिनेमा सतीश शाह मेलेले आहेत आणि तरी पडद्यावर सर्वांत जास्त त्यांच्याकडेच लक्ष जातं. श्वास हलतोय का ते शोधत बसू नका. सापडला तर मजा कमी होते. त्यापेक्षा बाकीचे त्याच्याशी किती अदबीनं वागतात ते बघा. जिवंतपणी लाच मागणाऱ्या या साहेबाला मेल्यावरच काय ती प्रतिष्ठा मिळते.

बुरख्याच्या प्रसंगात आज काहींना अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. पळणारे इतके हवालदिल की कशातही लपतील, असा तो विनोद आहे. तरी गर्दीतल्या बायका तिथं नुसत्या आडोशासारख्या वापरल्यात हेही खरं. यावर बोलायचं ते सिनेमा संपल्यावर. नीना गुप्तांच्या वाट्याला फार काही आलेलं नाही, तेही तेव्हाच.

८. महाभारत: कुठं बघायचं

साधारण दहा मिनिटांचा हा प्रसंग बघताना सगळे मध्यभागी बघतात, तसं करू नका. आधी रचना समजून घ्या. रंगमंचावर तीन टोळ्या आहेत. पहिलीला प्रेत हवंय, दुसरीला ते लपवायचंय. तिसरी खऱ्या नटांची. त्यांना फक्त नाटक पुढं न्यायचंय आणि काय चाललंय याचा पत्ता नाही. समोर बसलेले प्रेक्षक ही चौथी टोळी, त्यांना हे सगळं नाटकच वाटतंय. प्रत्येक वाक्य चौघांना चार अर्थांनी ऐकू जातं. विनोद तिथून उगवतो. नुसत्या वेशभूषेनं एवढं हसू आलं नसतं.

आता द्रौपदी. साडीत प्रेत आहे म्हटल्यावर वस्त्रहरण होऊ देणं परवडणारच नाही. म्हणून दुर्योधनच वस्त्रहरणाची कल्पना मागे घेतो आणि कौरव तिची अब्रू राखायला धावतात. ओम पुरींचा भीम तिच्यावर हक्क सांगतो तो कंपनीच्या भाषेत. व्यासांची गोष्ट उलटी फिरवून तिला बिल्डरांच्या भागीदारीत बसवलंय. पाहिलेली असूनही ही उलटापालट अनेकांच्या लक्षात राहिलेली नसते, ओळी राहतात.

बघण्याची रीत अशी ठेवा. या खेपेला धृतराष्ट्राकडे लक्ष द्या. आंधळा राजा पुन्हापुन्हा काय चाललंय ते विचारतो, आणि अख्ख्या मंचावर रास्त प्रश्न विचारणारा तोच एक आहे. पुढच्या खेपेला फक्त खऱ्या नटांचे चेहरे. त्याच्या पुढच्या खेपेला दुःशासन: तो विधु विनोद चोप्रा यांनी केलाय. ते या सिनेमाच्या निर्मितीचं कामही बघत होते. नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा का, हे आता कळलं असेल. दुसरे सुधीर मिश्रा पटकथेचे सहलेखक.

सलीम-अनारकलीच्या नाटकातला अकबर इथं येऊन धडकतो तेव्हा आवाज एकदम वाढतो. घरात कोणी झोपलं असेल तर रिमोट हाताशी ठेवा. पण थांबवू नका आणि मागेही नेऊ नका. या प्रसंगाची लय रेणू सलुजांच्या संकलनानं बांधलीय. एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही. सुटलेलं वाक्य सुटू दे.

९. इथं उठायचं नाही

महाभारत संपलं की लोक पाय मोकळे करायला उठतात, पाणी आणायला जातात, कोणी दिवा लावतो. ही सर्वांत महाग चूक. सिनेमा अजून बाकी आहे आणि तो ज्यासाठी केला तो भाग आता येतोय.

सगळे गुन्हेगार, शोभा आणि नवा आयुक्त एका टेबलाशी बसून समजुतीला येतात. पूल पडल्याचा आळ दोघा फोटोग्राफरांवर जातो. कैद्यांच्या कपड्यांत विनोद आणि सुधीर मुंबईच्या रस्त्यावरून चालतात, आपल्याकडे बघून गळा चिरल्याची खूण करतात आणि मागे ‘हम होंगे कामयाब’ वाजतं. गिरिजाकुमार माथुरांचे ते हिंदी शब्द शाळेच्या स्नेहसंमेलनापासून आपल्या ओळखीचे. आधी हेच दोघं ते उमेदीनं गातात, तेव्हा ते जसं ऐकलंत तसंच आता ऐकून बघा.

आपोआप पुढं जाणारी सोय बंद करायला सांगितलं ती यासाठी. नाहीतर चित्र कोपऱ्यात आक्रसतं, बाजूला ‘तुम्हाला हेही आवडेल’ची पाटी येते आणि गळ्यावरून फिरणारं बोट पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं.

१०. संपल्यावर

दिवा लगेच लावू नका, नावं संपू द्या. त्या नावांत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची निम्मी पिढी आहे: कुंदन शाह, नसीर, ओम पुरी, सतीश शाह, रेणू सलुजा, छायाचित्रणकार बिनोद प्रधान. सगळा खर्च सातेक लाखांत भागवला होता असं सांगतात, आणि काही प्रसंगांत तो काटकसरीपणा दिसतोही. अनुपम खेर शोधत बसाल तर सापडणार नाहीत. त्यांनी केलेला ‘डिस्को किलर’ संकलनात कापला गेला. रवी बासवानींना मात्र सुधीरच्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा विनोदी अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि कुंदन शाहांना पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार.

मग कागद काढा, आपापलं लिहिलेलं मोठ्यानं वाचा. शोभा सेनला कोणी कुठल्या बाजूला बसवलं होतं इथून सुरुवात करा. वाद हमखास होतो. लगेच पुन्हा बघावंसं वाटलं तर निदान सहा महिने थांबा. तोवर ओळी जरा पुसट होतात. आणि हो, उरलेला केक फेकू नका.